कौतुकाला खर्च किती?



दिवाळीचा बोनस म्हणजे कौतुक नव्हे. १९६५ च्या कायद्याने किमान बोनस हा कामगाराचा हक्क ठरविला. हक्काचे दिल्याबद्दल उपकार कोणी मानावेत? कौतुक त्यापुढे सुरू होते आणि त्याला पैसा फारसा लागत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील ओसाड माळावर कारखाना उभारला. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना त्यांनी तेथे राखणीचे काम दिले. ज्यांच्यावर जगाचा संशय, त्यांच्यावरच रात्रीची भिस्त! हा विश्वास कोणत्या वेतनश्रेणीत बसवाल?

खंडेनवमीला आपण यंत्रांची पूजा करतो. नारळ बहुधा मालकच वाढवतात. यंदा तो मान वीस वर्षे लेथवर उभ्या असलेल्या कारागिराला देऊन पाहा. नारळाचा खर्च एरवीही होणारच असतो. नुसते ‘छान काम’ असे मोघम म्हणू नका. कोणता जॉब कशामुळे साधला, ते नाव घेऊन चारचौघांत सांगा, आणि त्याच दिवशी सांगा. वार्षिक समारंभापर्यंत ती गोष्ट शिळी होते. आम्हा पत्रकारांना बातमीवर छापलेल्या स्वतःच्या नावाचे अप्रूप पगाराहून कमी नसते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. मुलाच्या दहावीच्या निकालादिवशी कामगाराला अर्धी रजा, त्याने मागण्याआधीच, द्या.

मात्र पगार थकलेला असेल, तर यातले काहीही करू नका. आधी पगार द्या. थकबाकीवर पांघरलेली शाल कामगार बरोबर ओळखतो.