हे अंशतः खरे आहे

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला विचारलं, कशावर बोलणार? मी म्हटलं, मला एकच विषय येतो. मंत्रालयातल्या नोकरीची बरीचशी वर्षं मी आमदारांच्या प्रश्नांची उत्तरं लिहिण्यात घालवली. ते म्हणाले, चालेल, पण जेवणाच्या आधी संपवा. तेव्हा वेळेचं बंधन मला मान्य आहे. सभागृहात तर प्रश्नोत्तराला एकच तास असतो.

आपण टीव्हीवर अधिवेशन बघतो. पायऱ्यांवर घोषणा, आत गोंधळ, तहकूब. त्यामुळे लोकांना वाटतं की तिथे एवढंच चालतं. पण याच अधिवेशनात रोज पिवळट कागदावरच्या नाहीतर पांढऱ्या कागदावरच्या जाडजूड याद्या निघतात, ज्या फारसं कुणी वाचत नाही. त्या म्हणजे प्रश्नोत्तरांच्या याद्या. प्रश्न दोन प्रकारचे. तारांकित, म्हणजे ज्याच्यापुढे फुली असते तो. त्याचं उत्तर मंत्री उभं राहून देतात आणि त्यावर आमदार उपप्रश्न विचारू शकतात. अतारांकित, म्हणजे ज्याचं उत्तर फक्त लेखी. तासाभरात मोजकेच तारांकित प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरं छापील स्वरूपातच राहतात. म्हणजे काय, तर बहुतेक सगळा कारभार लेखीच. आणि लेखी म्हटलं की तो माझ्यासारख्याच्या टेबलावर आलाच.

प्रश्नाची भाषा ठरलेली. तुम्ही कुठलीही यादी उघडा. ‘(१) अमुक ठिकाणी तमुक झाले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ शेवटचा तो विलंबाचा प्रश्न तर पाठच झालेला असायचा. आणि उत्तरंही ठरलेली. ‘हे खरे आहे.’ ‘हे खरे नाही.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘चौकशी सुरू आहे.’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’ आमच्या सौ. म्हणायच्या, तुम्ही घरीही असंच बोलता. भाजी आणलीत का विचारलं तर ‘अंशतः’.

हसू नका, यातला प्रत्येक शब्द तोलून मापून लिहिलेला असतो. कारण सभागृहाला चुकीची माहिती दिली तर तो हक्कभंगाचा विषय होऊ शकतो. वर्तमानपत्राला मंत्री काहीही सांगू शकतात, सभेत काहीही आश्वासन देऊ शकतात. सभागृहातल्या उत्तराचं तसं नाही. तिथे ‘करू’ म्हटलं की ते आश्वासन धरलं जातं आणि त्याचा हिशेब ठेवायला आश्वासन समिती बसलेली असते. म्हणून आम्ही ‘करण्यात येईल’ लिहिण्याऐवजी ‘कार्यवाही विचाराधीन आहे’ लिहायला शिकलो. ही आमची कारागिरी. तिचा अभिमान वाटण्यासारखं काही नाही.

प्रश्न आला की तो विभागात येतो, विभागातून कार्यासनाकडे, तिथून आयुक्त, जिल्हा परिषद, महापालिका, जिथलं काम तिथे. खालून अहवाल येतो. त्यावरून उत्तराचा मसुदा, मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव, मंत्री, अशा पायऱ्या. हिवाळ्यात हे सगळं बिऱ्हाड नागपूरला. १६० खोल्यांच्या गाळ्यांत चौघाचौघांनी राहायचं, रात्री दोनला फॅक्सची (नंतर ई-मेलची) वाट बघायची, सकाळी मंत्र्यांना पूरक टिपणी समजावून द्यायची. उपप्रश्न काय येईल याचा अंदाज बांधून ती टिपणी लिहायची असते. चांगला आमदार त्या टिपणीत नसलेलाच प्रश्न विचारतो.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी नोकरीत असताना कुणाला सांगितली नाही.

एका दुष्काळी तालुक्यातल्या गावाबद्दल अतारांकित प्रश्न आला होता. नळपाणी योजना पूर्ण होऊनही गावाला पाणी मिळत नाही, हे खरे आहे काय? खालच्या कार्यालयाचा अहवाल आला : ‘योजना पूर्ण झाली असून हस्तांतरित करण्यात आली आहे.’ अधिवेशन तोंडावर, माझ्यापुढे तसले तीसेक प्रश्न. मी लिहिलं, ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ दोन ओळींत चार प्रश्न निकालात. वरच्यांनी सह्या केल्या. उत्तर छापलं गेलं.

महिन्याभरानं मंत्र्यांच्या नावाचं एक पत्र फिरत फिरत माझ्याकडे आलं. गावातल्या निवृत्त शिक्षकांचं, सुंदर अक्षरात. आमदारांना ही तक्रार त्यांनीच दिली होती. त्यांचं म्हणणं असं : योजना पूर्ण झाली आहे, हे बरोबर आहे. टाकी आहे, पाइप आहेत, पंपघर आहे. पण पंपाला वीजच दिलेली नाही, त्यामुळे टाकीत थेंबभर पाणी चढलेलं नाही. आता शासनाचं छापील उत्तर गावात फिरतंय आणि मास्तर खोटं बोलतात असं लोक म्हणताहेत.

मंडळी, मी खोटं लिहिलं नव्हतं. योजना पूर्ण होती. पण प्रश्न पाण्याचा होता आणि मी उत्तर योजनेचं दिलं होतं. अहवालात ‘पाणी’ हा शब्दच नव्हता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. एक फोन करायला हवा होता. मी टिपणी ठेवली की उत्तरात दुरुस्ती करावी लागेल. वरून शेरा आला : ‘चर्चा करावी.’ चर्चा झाली नाही, आणि मीही पाठपुरावा केला नाही. त्या शिक्षकांना उत्तर गेलं ते ‘आपले पत्र प्राप्त झाले’ एवढंच.

पुढच्या अधिवेशनात त्याच आमदारांचा पुन्हा प्रश्न आला. या वेळी ‘हे खरे आहे काय’ नव्हतं. मला खात्री आहे, तो त्या मास्तरांनीच बांधून दिला असणार. वीजजोडणीसाठी अर्ज कोणत्या तारखेला केला? अनामत रक्कम कोणत्या तारखेला भरली? जोडणी कोणत्या तारखेला मिळाली? तीन तारखा. यातून ‘अंशतः’ म्हणून सुटता येत नाही. खाली विचारलं तर कळलं, अर्ज केला होता, पैसे भरलेच नव्हते. अकरा महिने कागद एका टेबलावर. आणि मग काय झालं? उत्तर छापायला जायच्या आत पैसे भरले गेले. कारण ‘भरली नाही’ असं सभागृहाला लिहून द्यायची कुणाचीच तयारी नव्हती. मी लिहिलं, ‘अनामत रक्कम भरण्यात आली आहे.’ तारीख लिहिली आठवड्यापूर्वीची. ती तारीख वाचून कुणालाही कळावं, की प्रश्न आला म्हणून भरली.

नोकरीत मी हे कितीतरी वेळा पाहिलं. प्रश्न पोहोचल्यापासून उत्तर छापेपर्यंतच्या दिवसांत जी कामं होतात, ती एरवी वर्षभरात होत नाहीत.

हा अधिकार आपल्याला सहज मिळालेला नाही बरं का. १८९२ च्या कायद्यानं कौन्सिलातल्या सभासदांना प्रश्न विचारायला पहिल्यांदा परवानगी मिळाली, पण उपप्रश्नाला नाही. सरकार जे सांगेल ते ऐकून गप्प बसायचं. उपप्रश्न १९०९ नंतर, आणि तोही ज्यानं मूळ प्रश्न विचारला त्यालाच. (आपल्या वार्षिक सभेत काही जणांना अजून १८९२ चाच कायदा हवा आहे, असं मला अधूनमधून वाटतं.)

आणि प्रश्नानं मंत्रीही जातात. १९५७ साली आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंधडा यांच्या सहा कंपन्यांच्या शेअर्समध्ये सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवली. लोकसभेत त्यावर प्रश्न आले, उत्तरांनी समाधान झालं नाही, आणि डिसेंबरात सत्ताधारी पक्षाच्याच फिरोज गांधींनी ते प्रकरण सभागृहात मांडलं. चौकशी नेमली गेली ती आपल्या मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छागला यांची, आणि तीही मुंबईत, उघड. लोकांनी एवढी गर्दी केली की बाहेर लाउडस्पीकर लावावे लागले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००५ साली प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना कॅमेऱ्यात सापडले म्हणून अकरा खासदारांना संसदेतून काढून टाकलं. आमच्याकडेही काही प्रश्न असे यायचे, की वाचताक्षणी कळायचं, हा एका ठेकेदारानं दुसऱ्या ठेकेदारासाठी दिलेला आहे. पण एक सांगतो, हेतू कसाही असो, माहिती खरी निघाली तर ती कागदावर येतेच.

आता आपल्या नाल्याकडे येतो.

मागच्या नाल्याची भिंत खचली, तेव्हा ‘बी’ विंगच्या तळमजल्यावर दोन पावसाळे पाणी शिरलं. त्या दोन घरांतल्या मंडळींनी काय सोसलं ते मी सांगायला नको. ती समोरच बसली आहेत. कमिटीनं वॉर्ड ऑफिसला पत्रांमागून पत्रं दिली. फाइल मी बघितलीय, चार इंच जाड आहे. मग आपण आमदारांकडे गेलो. त्यांच्या पीएंनी सांगितलं, द्या लिहून. सेक्रेटरीसाहेबांनी पहिला मसुदा केला होता, दोन पानी, कळकळीचा. त्यात ‘प्रशासनाची अक्षम्य बेपर्वाई’ असा शब्दप्रयोग होता. मी तो फाडला. त्यांना राग आला, हे मला ठाऊक आहे. पण असल्या विशेषणांना प्रश्नात जागा नसते, ती सचिवालयातच गळतात, आणि उत्तर लिहिणाऱ्याला ती आवडतातच. विशेषणाला ‘हे खरे नाही’ म्हणणं सगळ्यात सोपं.

आम्ही मास्तरांची पद्धत वापरली. भिंतीच्या कामाचं अंदाजपत्रक कोणत्या तारखेला मंजूर झालं? निविदा कोणत्या तारखेला काढली? कार्यादेश कोणत्या तारखेला दिला? काम पूर्ण करण्याची मुदत कोणती? अतारांकितच दिला. गाजावाजा नको होता, आपल्याला कागद हवा होता.

उत्तर आलं नगरविकास विभागाकडून. पहिलं वाक्य वाचून मी मोठ्यानं हसलो, बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘हे अंशतः खरे आहे.’ कुणीतरी माझ्यासारखाच बसला असणार तिकडे! पण खाली तारखा होत्या. अंदाजपत्रक मंजूर, निविदा झालेली, कार्यादेश दिलेला, आणि काम मात्र ‘जागेच्या मोजणीअभावी’ थांबलेलं. मोजणीचं आपल्याला चार इंच फाइलमध्ये कुणीही कधीही सांगितलं नव्हतं. मोजणीचा अर्ज कुणी करायचा यावरून दोन कार्यालयं एकमेकांकडे बघत होती.

त्या छापील उत्तराची झेरॉक्स घेऊन सेक्रेटरीसाहेब आणि मी वॉर्ड ऑफिसला गेलो. आधी आम्हाला बाकावर बसवायचे, त्या दिवशी खुर्ची मिळाली. पंधरा दिवसांत मोजणी झाली. यंदाच्या मे महिन्यात भिंतीचा आपल्या बाजूचा भाग बांधून झाला. पलीकडच्या चाळीच्या बाजूचा झालेला नाही. तिथलं पाणी अजून घरात जातं, आणि आपली भिंत उंच झाल्यामुळे या वर्षी जास्त गेलं असं तिथले लोक म्हणतात. मी परवा जाऊन पाहून आलो, त्यांचं म्हणणं खरं आहे. अंशतः नाही.

त्यांच्यासाठी दुसरा प्रश्न लिहून ठेवलाय. त्यात पाच तारखा विचारल्यात. चाळीतल्या लोकांच्या सह्या झाल्यात, आपल्या सोसायटीच्याही हव्यात. कागद बाहेर रजिस्टरच्या टेबलावर आहे, पेन बांधून ठेवलंय. जेवायला जाताना वाटेतच लागेल.