सासऱ्यांच्या वहीतली लाल शाई

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इंग्लंडच्या पूर्वेला लिंकनशर नावाचा परगणा आहे. सपाट जमीन, गव्हाची शेते आणि क्षितिजापर्यंत मोकळे आभाळ. परदेशी पर्यटक तिकडे फारसे वळत नाहीत. पण दुसऱ्या महायुद्धात या सपाट जमिनीवर इतके लष्करी विमानतळ उभे राहिले की, लोक तिला 'बॉम्बर कौंटी' म्हणू लागले. त्यांपैकी ईस्ट कर्कबीच्या तळावर माझे सासरे होते. लग्न करून मी या इंग्रज घरात आले तेव्हा मला एवढेच सांगण्यात आले. त्यापुढे कोणी बोलत नसे.

सासरे स्वतः तर नाहीच. रात्री तीन-तीनदा उठून घरभर फेऱ्या मारणारे, मुलांना जवळ न घेणारे वडील, अशीच त्यांची आठवण घरात होती. माझ्या यजमानांच्या मनात त्याची अढी होती. सासरे गेल्यावर ट्रंकेत त्यांची उड्डाणांची नोंदवही सापडली. पुढे २०१९ च्या उन्हाळ्यात यजमान, नणंद, मी आणि बारा वर्षांची नात असे चौघे ती वही घेऊन निघालो.

वही म्हणजे आखलेले रकाने. तारीख, विमान, कामगिरी, तास. रात्रीच्या मोहिमा लाल शाईत. 'बर्लिन' सहा वेळा. ३० मार्च १९४४ पुढे 'न्यूरेंबर्ग'. त्या रात्री ७९५ विमाने न्यूरेंबर्गवर पाठवली गेली आणि ९५ परतली नाहीत. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडची ती सर्वांत वाईट रात्र. सासऱ्यांच्या वहीत तिची एकच ओळ आहे.

ईस्ट कर्कबीला आता संग्रहालय आहे. ते उभारले पँटन नावाच्या दोन शेतकरी भावांनी. त्यांचा थोरला भाऊ न्यूरेंबर्गच्या त्याच रात्री मारला गेला होता. या तळाच्या जमिनीवर त्यांचा कोंबड्यांचा व्यवसाय होता. १९८० च्या दशकात त्यांनी तिथे एक जुने लँकेस्टर विमान आणून ठेवले. त्याची चारही इंजिने सुरू करून ते जमिनीवर चालवतात. तो आवाज कानांनी ऐकावा लागत नाही, छातीत घुमतो.

लँकेस्टरमध्ये सात माणसे असत. सासरे शेपटाकडचे तोफची. बाकीचे सहा जण पुढे, हा एकटा मागे, काचेच्या पिंजऱ्यात, आलेल्या वाटेकडे तोंड करून. सात-आठ तास, हाडे गोठवणाऱ्या थंडीत. जागा इतकी अरुंद की हवाई छत्री आत मावत नसे, ती दाराबाहेर विमानाच्या पोटात अडकवून ठेवावी लागे. यजमानांनी आत डोकावून पाहिले आणि बराच वेळ तिथेच वाकून राहिले. नणंद म्हणाली, "तेव्हा बाबा वीस वर्षांचे होते." सत्तरीला टेकलेला मुलगा आणि विशीतला बाप! अढी तिथे थोडी सैल झाली असावी.

दुसऱ्या दिवशी लिंकन शहर. टेकडीवरचे तिथले भव्य कॅथीड्रल परतणाऱ्या वैमानिकांना दुरून दिसे. समोरच्या टेकडीवर २०१८ मध्ये बॉम्बर कमांडचे स्मारक आणि संग्रहालय खुले झाले. मधोमध पोलादी मनोरा, उंची ३१ मीटर, म्हणजे लँकेस्टरच्या पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी. भोवतीच्या पोलादी भिंतींवर जवळपास ५८ हजार नावे कोरलेली आहेत. विमानांतून लढायला गेलेले सुमारे सव्वा लाख जण सगळेच स्वेच्छेने आलेले होते आणि त्यांतले ५५ हजारांहून अधिक मेले. सासरे वाचले, म्हणून त्यांचे नाव तिथे नाही.

तिथे नातीने विचारले, "आजी, पणजोबांनी टाकलेले बॉम्ब कुठे पडले?"

नणंद चटकन म्हणाली, "त्यांना हुकूम होता, बाळ."

"मी हुकमाचं नाही विचारलं. कुठे पडले ते विचारलं."

मग यजमानांनी वही उघडली आणि तिला जवळ घेऊन लाल ओळी मोजल्या. तीस. प्रत्येक ओळीतले शहर तिला मोठ्याने वाचू दिले. शहरे, म्हणजे घरे, शाळा, माणसे, हे त्यांनी लपवले नाही. नाझी राजवट कशी होती आणि तिला थांबवणे का भाग होते, हेही सांगितले. शेवटी म्हणाले, "तुझ्या पणजोबांना यातलं काय वाटत होतं, ते मी कधी विचारलं नाही. आणि त्यांनी सांगितलं नाही."

नणंदेला हे संभाषण रुचले नाही. स्मारकात शहरांची मोजदाद कशाला, असे तिचे मत. तिचेही मला चूक वाटत नाही. पण त्या स्मारकाच्या संग्रहात विमानातल्या माणसांच्या आठवणींशेजारी, ज्यांच्यावर बॉम्ब पडले त्यांच्याही आठवणी जपल्या आहेत. आम्ही वहीची प्रत तिथे दिली, तीही नणंदेच्या संमतीने.

श्रोतेहो, साताऱ्या-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांतून तेव्हा जवान इटलीत आणि ब्रह्मदेशात लढायला गेले. त्यांच्याही ट्रंका माळ्यावर असतील. प्रवास जमेल न जमेल, पण ट्रंक उघडा. कागद वाचा, घरातल्या मुलांसमोर वाचा. मुलांनी अवघड प्रश्न विचारले तर त्यांना गप्प करू नका.