अक्षरें बिघडतात कोठें?

माझ्या पुतण्यानें जावा भाषेंत एक छोटा प्रोग्रॅम रचला. मीं जमविलेल्या म्हणींची यादी त्याच्या पोटांतच भरलेली होती. त्याच्या लिनक्स यंत्रावर सारें स्वच्छ दिसे. माझ्या विंडोज यंत्रावर मात्र म्हणींऐवजीं डोक्यावर तिरपा फराटा असलेला रोमन 'ए' ओळीओळींत नाचूं लागला. टंक सदोष असेल, असें मला वाटलें. परंतु टंक नसता तर नुसते रिकामे चौकोन दिसले असते.

संगणक अक्षर जाणत नाहीं, अंक जाणतो. १९९२ सालीं केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं रचलेल्या यूटीएफ-८ पद्धतींत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात व त्यांतील पहिला २२४ असतो. विंडोजच्या १२५२ या जुन्या कोष्टकांत २२४ म्हणजे तोच फराट्याचा 'ए'! यादी लिहिली एका कोष्टकानें, वाचली दुसऱ्यानें. कोष्टकाचें नांव न सांगितल्यास जावा त्या त्या यंत्राचें कोष्टक घेई. २०२२ सालच्या अठराव्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ गृहीत धरलें जातें. माझ्याकडे आवृत्ति जुनी होती.

पुतण्यानें प्रथम बिघडलेला मजकूरच उलट फिरवून पाहिला. बरींच अक्षरें परतलीं. पण ऱ्हस्व उकार, 'झ', 'ए' आणि सारीं जोडाक्षरें मोडलेलींच राहिलीं. कारण मौजेचें आहे. उकाराचा शेवटचा बाइट १२९, हलन्ताचा १४१. १२५२ च्या कोष्टकांत हीं घरें रिकामीं आहेत. रिकाम्या घरासाठीं जावा एकच 'अज्ञात' चिन्ह ठेवतो आणि मूळ अंक कायमचा जातो. म्हणून दुरुस्ती वाचण्याच्या जागींच हवी. यादी उघडतांना 'यूटीएफ-८' असें स्पष्ट सांगितलें आणि एका शब्दानें काम झालें. पहिली म्हण तेवढी शोधूनही सांपडेना. फाइलीच्या आरंभीं २३९, १८७, १९१ या तीन बाइटांची अदृश्य खूण चिकटली होती. ती काढावी लागली.

प्रोग्रॅमच्या पोटांतली यादी अशी वांचली. पण मधल्या काळांत मीं आईच्या तोंडच्या चाळीसएक म्हणी त्यांत स्वतः घातल्या होत्या. पडद्यावर त्या सुरेख दिसत. साठवितांना मात्र तेंच जुनें कोष्टक वापरलें गेलें, आणि त्यांत देवनागरीला घरच नाहीं. फाइलींत उरलीं तीं केवळ प्रश्नचिन्हें. पुतण्यानें आतां लिहिण्याच्या जागींही तें नांव घातलें आहे. मीं वही घेऊन बसलों. एकतीस म्हणी आठवल्या. उरलेल्यांसाठीं धाकट्या बहिणीस पत्र लिहिलें आहे.