केडगावच्या रमाबाई

मायबहिणींनो, तुम्ही पुढे या, मागे बसू नका. आजची गोष्ट तुमचीच आहे.

आपण राहूची माणसे केडगावला नेहमी जातो. बाजाराला जातो, रेल्वेला जातो. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. पण या बाई कोण, हे किती जणांनी विचारले? मी स्वतः मास्तर होऊन कितीतरी वर्षे झाली, तेव्हा विचारले. म्हणून तुम्हाला बोल लावत नाही.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवले. लोक बिथरले. बाईमाणसाला संस्कृत? शास्त्रीबुवा रानात जाऊन राहिले, पण शिकवणे सोडले नाही. आईने मग रमाला शिकवले. पुढे दुष्काळ आला. बाप, आई, थोरली बहीण, एकामागून एक गेली. रमा आणि तिचा भाऊ पायी देशभर हिंडले. कधी पोटाला मिळे, कधी नाही. 1878 साली ती दोघे कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले.

लग्न झाले, मुलगी झाली, आणि 1882 साली नवरा वारला. कडेवर तान्ही मनोरमा. पण बाई रडत बसल्या नाहीत. पुण्यास आल्या. त्याच साली सरकारी हंटर कमिशनपुढे उभ्या राहून म्हणाल्या, बायकांना शिकवायला बाया तयार करा, बायकांना डॉक्टर होऊ द्या.

1883 साली त्या विलायतेला गेल्या. वाँटेज गावी ख्रिस्ती जोगिणींचा मठ होता. या जोगिणी लग्न करीत नाहीत. शिकवतात, आजाऱ्यांची सेवा करतात. लोकांनी टाकलेल्या बायांसाठी त्यांनी एक घर चालवले होते. तिथे त्या बायांना कोणी हिणवत नसे. ते पाहून रमाबाईंचे मन पालटले. त्याच साली त्या ख्रिस्ती झाल्या. जोगीण मात्र झाल्या नाहीत. पटले नाही तर मठातल्या सिस्टरांशीही पत्रांतून वाद घालीत. कोणी सांगितले म्हणून मान डोलवायची, हे त्यांच्या रक्तात नव्हते.

1889 साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी. सदन पुण्याला आले. 1893 साली मोठे वादळ झाले. मुली ख्रिस्ती होतात म्हणून ‘केसरी’ने झोड उठवली. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसे बाजूला झाली. पुष्कळ मुली घरच्यांनी काढून नेल्या. लोकांचा संशय अगदीच वाऱ्यावरचा होता असे मी म्हणणार नाही. पण त्या मुलींना शिकवायला तेव्हा दुसरे कोण पुढे येत होते, हेही विचारले पाहिजे.

मग 1896-97 चा दुष्काळ. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. नुसती हाडे राहिलेल्या पोरी, बाया त्यांनी शेकड्यांनी आणल्या. स्वतः भूक सोसलेली बाई ती. पुण्यात प्लेग होता, म्हणून सगळ्यांना केडगावच्या माळावर नेले. विहिरी खणल्या. शेती, गाईगुरे, माग, तेलाची घाणी, सगळे बायांच्या हाती दिले. आंधळ्या बायांना मनोरमा बोटांनी वाचायची अक्षरे शिकवी.

आणि छापखाना! ज्यांना कालपर्यंत ‘ग’ येत नव्हता, त्या बाया शिशाचे खिळे जुळवून पाने छापू लागल्या. बायबलाची मराठी बाईंना अवघड वाटली. नुकती वाचायला शिकलेली बाई ते कसे वाचणार? म्हणून हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी साध्या मराठीत सारे नव्याने लिहिले. कित्येक वर्षे गेली. 1921 साली मनोरमा गेली. एकुलती एक लेक. तरी हातातले काम सुटले नाही. शेवटचे कागद तपासून झाले, आणि 5 एप्रिल 1922 ला रमाबाईंनी डोळे मिटले.

आता धडा 9 काढा. आज पहिली ओळ मागच्या रांगेतल्या आजीबाई वाचतील.