हाई काय कामनी शे?



काही वर्षांपूर्वी चोपड्याजवळच्या एका गावात मी भरतकाम शिकवायला गेले होते. पिशवीत लाकडी रिंग होती, रंगीत दोऱ्याच्या लड्या होत्या आणि नमुन्याला म्हणून उशीचा एक अभ्रा. अंगणात दहाबारा जणी जमल्या. मी साखळी टाका दाखवला, काश्मिरी टाका दाखवला. एका आजींनी अभ्रा हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि विचारलं, "ताई, हाई काय कामनी शे?" म्हणजे, हे काय कामाचं?

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. त्यांच्या घरी उशांना अभ्रे नव्हते. ओट्यावर मात्र अर्धी शिवलेली गोधडी पसरलेली होती, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवलेले. मी रिंग बाजूला ठेवली आणि त्यांनाच विचारलं, "आजी, ही शिवताना कुठे अडतं?"

मग तासभर बायका बोलत होत्या आणि मी ऐकत होते. पूर्वी घरात सुती लुगडी आणि धोतरं असायची. फाटली की गोधडीत जायची. आता घरोघरी नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्या. त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात, मध्येच चुण्या पडतात, आणि मे महिन्यातल्या आपल्या उन्हाळ्यात अशी गोधडी अंगाखाली घेतली तर घाम टिपत नाही. कपाशी पिकवणाऱ्या जिल्ह्यात गोधडीला सुती कापड मिळू नये, हे मला फार लागलं.

श्रोत्यांसाठीच्या माझ्या पुढच्या भाषणात मी अभ्र्याबद्दल एक शब्द बोलले नाही. घसरणाऱ्या साड्यांबद्दलच बोलले. दोन साड्यांच्या मध्ये एखादं जुनं धोतर किंवा सुती चादर घालावी, म्हणजे थर धरून राहतात. वरची बाजूही जमेल तर सुतीच ठेवावी, अंगाला तीच लागते. शिवण्याआधी वीतवीत अंतरावर लांब कच्चे टाके घालून सगळं टाचून घ्यावं. मग धावदोरा मधून सुरू करून कडेकडे न्यावा, म्हणजे चुण्या बाहेर सरकतात. दोऱ्याला मेण लावलं तर तो गुंतत नाही. यातलं निम्मं त्या अंगणातल्या बायकांनीच मला सांगितलं होतं.

समोरच्याच्या घरात काय आहे हे पाहून लिहिण्याचं एक उदाहरण म्हणजे कमलाबाई ओगले. त्यांचं 'रुचिरा' हे पाककृतींचं पुस्तक १९७० साली आलं. ते घराघरात का पोचलं, याचं एक कारण मला नेहमी महत्त्वाचं वाटतं. त्यांनी मापं दिली ती वाटी आणि चमच्याची. वाचणारीच्या फळीवर काय आहे हे त्यांना ठाऊक होतं. हातकामावर लिहिणाऱ्यांनी एवढं जरी केलं, तरी त्यांचं निम्मं काम झालं.

आणि आपल्या खानदेशातलंच उदाहरण हवं असेल तर अमळनेरला जाऊ. साने गुरुजी १९२४ साली तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक हाताने लिहून काढत. ज्यांच्यासाठी लिहायचं, त्या मुलांच्या खोल्या ते स्वतः आवरत, आजारी पडलेल्याची सेवा करत. कोणत्या मुलाला घराची आठवण येते आणि कोणाचं अभ्यासात लक्ष नाही, हे अशा माणसाला वेगळं विचारावं लागत नाही. वाचक ओळखण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

माझी एक चूक मात्र बरीच उशिरा सुधारली. हातकामाचं सगळं बायकांसाठीच आहे असं मी धरून चालले होते. मग शिरपूर तालुक्यातून एका शेतकऱ्याचं पत्र आलं. पोळा जवळ आला होता. बैलांसाठी ते दरवर्षी स्वतः माथोटी आणि गोंडे करतात, पण लोकरीचे गोंडे पावसात भिजले की पीळ पडून गोळा होतात, काय करावं, असं त्यांनी विचारलं होतं. मला उत्तर येत नव्हतं. मी दोघा-तिघांना विचारलं, स्वतः गोंडे करून भिजवून पाहिले आणि मगच कळवलं: लोकरीऐवजी जाड सूत घ्या, आणि गाठ मारण्याआधी गळ्याशी दोरा चारपाच वेळा घट्ट गुंडाळा. त्यानंतर खाटेची नवार विणणारे, दोरखंड वळणारे, कानबाई देवीच्या चौरंगाची आरास करणारे असे कितीतरी पुरुष माझे श्रोते आहेत, हे मला कळत गेलं. मुलींची पत्रं अजून वेगळी. त्यांना क्रोशाची तोरणं आणि रेशमी दोऱ्याच्या बांगड्या हव्या असतात, आणि त्या विकायच्या कुठे, हेही हवं असतं. हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच मोलाचा आहे, त्यावर मी एक पूर्ण भाषण देणार आहे.

तेव्हा जळगाव-धुळ्याच्या माझ्या श्रोत्यांना एक विनंती. पोस्टकार्ड घ्या आणि मला कळवा: सध्या हातात कोणतं काम आहे, घरात कोणतं कापड, कोणता दोरा शिल्लक आहे, आणि नेमकं कुठे अडलं आहे. अक्षर कसंही असू द्या. लिहिता येत नसेल तर नातवंडाकडून लिहून घ्या. आणि घरी जशी बोलता तशीच भाषा ठेवा, अहिराणी असो की लेवा बोली. मी प्रत्येक पत्र वाचते.