जुन्या सामानाची सभ्य देवघेव



घरातले जुने कपाट एकाने विकावे आणि दुसऱ्याने घ्यावे, यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे, अशी शंका काहींना येईल. परंतु ज्या गावात माणसे सतत येतात आणि जातात, तेथे हा व्यवहार नित्याचा असतो. आणि समाजाची खरी रीत अशा नित्याच्या व्यवहारातच दिसते.

आपले गाव तसेच आहे. १९५४ साली पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डीपासून थेट चाकणपर्यंत कारखान्यांचा पट्टा पसरला. मराठवाड्यातून, विदर्भातून, परप्रांतांतून माणसे आली. त्यांतल्या कुणाची बदली होते, कुणाचे कंत्राट संपते, कुणी गावी परततो. मग सोसायटीच्या फलकावर चिठ्ठी लागते: ‘सामान काढणे आहे.’ अमेरिकेत असे सामान मोटारीच्या गॅरेजात नाहीतर अंगणात मांडतात. म्हणून तिकडे त्या विक्रीला गॅरेज सेल म्हणतात. आपल्याकडे ते राहत्या खोलीतच मांडलेले असते. गिऱ्हाईक चपला काढून थेट संसारात पाऊल टाकते. हा फरक लहान नव्हे.

पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस करणे हा तेथला धर्मच आहे. दारात बसून जुन्या लुगड्यांवर पातेले देणारी बोहारीण आणि घरची गृहिणी, दोघीही त्या खेळात मुरलेल्या असत. परंतु नोकरी सुटलेला माणूस कपाट विकायला काढतो तेव्हा तो व्यापारी नसतो. त्याच्या कपाटाला नावे ठेवली, तर ती त्याच्या संसाराला लागतात.

येथे कायदा फारसा कामास येत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व असे, की घेणाऱ्याने माल पारखून घ्यावा. धडधडीत खोटे बोलणे ही फसवणूक खरी. पण कुणी विचारले नाही म्हणून दोष न सांगणे हे बहुधा कायद्याच्या पकडीत येत नाही. ती उणीव सभ्यतेने भरून काढायची असते.

म्हणून विकणाऱ्याने दोष आपण होऊन सांगावा. उन्हाळ्यात फ्रीज नीट थंड होत नसेल, कुकरची रिंग वाफ सोडत असेल, तर तसे बोलावे. वस्तू चालवून दाखवावी. भाव चिठ्ठीवर लिहावा आणि तो सर्वांना एकच असावा. भाडेकरू परप्रांतीय आहे म्हणून वाढवू नये. एकाचा विसार घेतल्यावर दुसऱ्याने शंभर रुपये जास्त देऊ केले, तरी शब्द फिरवू नये. गॅसचे सिलिंडर विकू नये. ते कंपनीच्या मालकीचे असते, वितरकाकडे परत करून पावती घ्यावी. स्कूटर दिली तर कागदोपत्री नाव बदलल्याखेरीज आपली जबाबदारी सुटली असे समजू नये. मोडकी वस्तू घरकाम करणाऱ्या बाईंच्या माथी मारून तिला दान म्हणू नये. आणि मुलाची सायकल काढायची असेल, तर आधी मुलाला विचारावे.

घेणाऱ्याने दिलेल्या वेळीच जावे. रात्रपाळी करून आलेला माणूस आतल्या खोलीत झोपलेला असू शकतो. विक्रीस नसलेली कपाटे उघडू नयेत. ‘का विकता?’ हा प्रश्न तर करूच नये. ‘काका, यात काही कमी होईल का?’ असे एकदा विचारण्यात गैर काहीच नाही. उत्तर आले की घ्यावे किंवा नमस्कार करून निघावे. घेतलेली वस्तू उतरवायला माणसे आपण न्यावीत, आणि त्या घरात जे दिसले ते जिन्यात बोलू नये.

कुणी म्हणेल, व्यवहार तो व्यवहार; स्वस्त मिळत असेल तर का सोडा? स्वस्त अवश्य घ्यावे, वस्तू जुनीच आहे. परंतु टेम्पो दारात उभा आहे, घराची किल्ली संध्याकाळी मालकाला द्यायची आहे, हे हेरून ठरलेल्या भावाच्या निम्म्याने मागणे, याला मी व्यवहार म्हणणार नाही. तेथे पैसे वस्तूचे कापले जात नाहीत, समोरच्याच्या अडचणीचे कापले जातात.

या गावात आपल्यापैकी बहुतेकजण एके काळी ट्रंक आणि वळकटी घेऊन उतरलो, किंवा आपले आईवडील उतरले. पहिली खाट, पहिला स्टोव्ह पुष्कळांनी जुनाच घेतला. तेव्हा कुणी रास्त भाव लावला, म्हणून संसार उभा राहिला. आज जो गाव सोडून चालला आहे, त्याचा या गावाशी शेवटचा व्यवहार कदाचित आपल्याशीच होणार आहे. तो चोख व्हावा, आणि त्याने ताठ मानेने टेम्पोत बसावे, एवढीच माझी विनंती आहे.