मोटारीला गॅस जोडताना



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलतात. आम्ही शाळा अर्धवट सोडलेले आणि चालक-कामगारांच्या संघटनेत आयुष्य काढलेले. तेव्हा विषयही गॅरेजातलाच घेतला आहे: पेट्रोलच्या मोटारीला गॅस जोडण्याचे प्रकार. हे आम्ही हौसेने शिकलो नाही, एकदा तोंडघशी पडलो म्हणून शिकलो.

झाले असे. आमच्या एका सभासदाच्या हाती मालकाची व्हॅन होती. मिरचीच्या मोसमात धर्माबादच्या बाजारातील व्यापाऱ्यांची ने-आण तो करी. पेट्रोल परवडेना म्हणून मालकाने स्वस्तातले किट बसविले. आठ दिवसांत बंदुकीसारखा आवाज झाला आणि हवेच्या फिल्टरची प्लॅस्टिकची पेटी फुटली. मालकाने "तुला गाडी हाकता येत नाही" असे सुनावून खर्च पगारातून कापला. आम्ही तावातावाने भांडावयास गेलो. तेथल्या मिस्त्रीने एकच प्रश्न केला, "साहेब, बॅकफायर का होतो ते सांगा." आम्हांला सांगता येईना. मुकाट्याने परत आलो, आणि शब्दकोश उशाशी घेऊन किटांची माहितीपत्रके वाचू लागलो.

हा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. दाबाखाली तो पातळ होतो, म्हणून टाकीत मावतो. इंजिनाकडे जाताना त्याची वाफ करावी लागते, आणि वाफ होताना तो उष्णता ओढून घेतो. म्हणून किटातील रेग्युलेटरला इंजिनाचे गरम पाणी फिरवून देतात. एक लिटर गॅसमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा उष्णता कमी असते, तेव्हा लिटरला मैल कमी पडणार हे धरूनच बचतीचा हिशेब मांडावा.

आता प्रकार. पहिला मिक्सरचा. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एक कडे बसवितात. इंजिन हवा ओढते, त्या ओढीने गॅसही येतो. किती यावा हे मिस्त्री स्क्रू फिरवून, कानाने ठरवितो. १९८३ साली निघालेल्या मारुती ८०० सारख्या जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला हा प्रकार शोभतो. स्वस्त आहे आणि दुरुस्ती गावात होते. दुसऱ्या प्रकारात मिक्सर तोच, परंतु धुराच्या नळीतील प्राणवायू-मापक पाहून एक छोटी मोटर गॅस कमीजास्त करते. तिसऱ्यात गॅस दाबाने नळ्यांतून सोडतात, पण प्रत्येक सिलिंडरची वेळ पाळीत नाहीत. त्यावर वेळ घालवीत नाही.

चौथा प्रकार महत्त्वाचा. पेट्रोल इंजेक्टरने फवारणाऱ्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला गॅसचा वेगळा इंजेक्टर देतात. गाडीचा मूळ संगणक पेट्रोलसाठी जी वेळ ठरवितो, तीच वाचून किटाचा संगणक गॅसची वेळ काढतो. गाडी पेट्रोलवर सुरू होते, पाणी तापले की आपोआप गॅसवर जाते. म्हणजेच, जी गाडी पेट्रोलवर अडखळते, ती गॅसवर सुधारेल ही आशा व्यर्थ. पाचव्या प्रकारात टाकीतच पंप असतो आणि पातळ गॅसच फवारतात. उत्तम, पण महाग, आणि पंप बिघडला तर टाकी उघडावी लागते. आमच्या रस्त्यांवर तो चालकाला परवडणारा नाही, असे आमचे मत आहे.

आता मिस्त्रीच्या प्रश्नाचे उत्तर. इंजेक्टरच्या गाडीत पेट्रोल अगदी सिलिंडरच्या दाराशी फवारले जाते. मागच्या नळीत नुसती हवा असते. तिला मिक्सर लावला की संपूर्ण नळी पेटत्या मिश्रणाच्या तयारीने भरते. प्लग किंवा तार कमजोर असली, मिश्रण विरळ झाले, की ज्वाला उलटी फिरते आणि प्लॅस्टिक फुटते. जुन्या गाडीचे लोखंडी-ॲल्युमिनियमचे अंग तो धक्का सोसते. आमच्या सभासदाची व्हॅन इंजेक्टरची होती, किट मिक्सरचे. यात चालविण्याचा दोष कोठे आला?

एक गोष्ट मात्र सर्व प्रकारांहून मोठी, ती टाकीची. २००० सालच्या कायदा-दुरुस्तीने मोटारीत हा गॅस वापरण्याची वाट मोकळी झाली, ती मंजूर किट, मोटारीसाठीच बनविलेली टाकी आणि आर.टी.ओ.ची नोंद या अटींवर. ती टाकी ८० टक्के भरली की तिचा व्हॉल्व्ह भरणे थांबवितो, कारण उन्हात पातळ गॅस फुगतो, आणि आमच्याकडचा मे महिना आपणांस सांगावयास नको. घरातील १४.२ किलोची टाकी चुलीला उभी ठेवून वाफ देण्यासाठी आहे. ती मोटारीत आडवी टाकणे, किंवा पत्र्याच्या खोलीत उलटी करून पंपाने गाडीत गॅस ओतणे, हा गुन्हा तर आहेच. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो, आणि पंपाच्या मोटरची एक ठिणगी पुरते. अशा वेळी जवळ उभा कोण असतो? मालक नव्हे. वाचलेला पैसा मालकाच्या गल्ल्यात आणि सीटमागची टाकी चालकाच्या पाठीशी, हा हिशेब आम्हांला मान्य नाही.

तयारी करून आम्ही पुन्हा त्या मालकाकडे गेलो. या वेळी प्रश्न आम्ही विचारला: इंजेक्टरच्या गाडीला मिक्सर कोणाच्या सांगण्यावरून लावला? मिस्त्री खाली पाहू लागला. कापलेला पगार दोन हप्त्यांत परत मिळाला. पुढे मालकाने चौथ्या प्रकारचे किट नोंदीसह बसविले. वर्षाला टॅपेट तपासण्याचे मात्र तो अजून टाळतो, आणि गॅसवर व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात हे आम्ही त्याला दर दिवाळीला सांगतो.